यूके-सात

मे महिन्यात अमळनेरला
इन्क्युबेटर ओशाळतो.
त्याला तापता येतं, निवता येत नाही,
आणि आमच्या जिवाणूंना हवे सदतीस अंश.
बाहेर पंचेचाळीस, खोलीत एक्केचाळीस.
म्हणून तात्या दुपारी त्याच्या अंगावर
ओलं गोणपाट टाकतात,
समोर टेबलफॅन लावतात,
आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा
काचेला हात लावून म्हणतात, उतरनं.

बोरीकाठच्या एका उकिरड्यातली
चिमूटभर माती आणली होती मी दिवाळीनंतर.
तिच्यातून निघाला हा,
राखाडी, कडेला सुरकुतलेला,
शेजाऱ्याला फिरकू न देणारा.
काय सोडतो तो स्वतःभोवती?
एवढाच माझा प्रश्न,
आणि त्यासाठीची फेलोशिप,
जी सात महिने आलेली नाही.

आगर ओतायचं, चार मिलिमीटर,
थिजलं की वर स्टॅफिलोकोकसचा हात फिरवायचा,
मग विहिरी पाडायच्या.
हे काम तात्यांचं.
तरणेपणी पारोळ्याकडे सुरुंग लावून
काळ्या दगडात खणल्या त्यांनी,
आता कॉर्कबोररने, सहा मिलिमीटरच्या.
पानी लागी का? दर वेळी विचारतात.

पहिलीत गाळलेला रस, पेशी काढून टाकलेला.
दुसरीत तोच, आंबटपणा मारून.
तिसरीत कॅटलेज घालून,
पेरॉक्साइडचा संशय नको.
चौथीत नुसतं बफर.
चौथीकडे कुणी बघत नाही,
पण ती नसेल तर बाकीच्या तिघी खोटारड्या.

सकाळी ताटली उजेडात धरली.
दुधाळ गर्दीत तिघींभोवती
झाडून काढल्यासारखी गोल जागा.
व्हर्निअर लावला. सतरा. सतरा. साडेसोळा.
चौथीला गर्दी काठोकाठ.

तात्या वाकून चौथीकडेच बघत राहिले.
मना मोरे तीन गयात, म्हणाले.
तापाने, एकापाठोपाठ.
म्हणून चौथ्याला आईने सुपात घालून
उकिरड्यावर ठेवलं,
आणि आत्याने उचलून आणलं,
कुणाचं तरी टाकलेलं पोर म्हणून.
नाव पडलं उखर्डू.
मी ऱ्हायनू, म्हणाले.
मी व्हर्निअर शून्यावर आणत बसले.

बोरोले मॅडम म्हणाल्या,
वलय काय, फिनाइलनेही पडतं.
पेप्टाइडच आहे हे दाखव.
मग त्याच रसात प्रोटिनेज के,
प्रथिनं चिरणारं विकर, दोन तास.
पुन्हा ताटली, पुन्हा गोणपाट.
रात्री वीज दोनदा गेली.

सकाळी वलय नव्हतं.
गर्दी विहिरीच्या ओठाशी येऊन उभी.
तात्यांचा चेहरा पडला : गयं का?
गेलं तात्या, गेलं! मी ओरडलेच,
आणि त्यांना कळेना
गेल्याचा एवढा आनंद कसला.
म्हटलं, कात्री चालवली आणि कापलं गेलं,
म्हणजे तो दोराच होता.
दगड असता तर कात्री बोथटली असती.
ते बराच वेळ गप्प.
मग गोणपाट पिळून वाळत घातलं.

दुपारी सगळ्या ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये,
वलय असलेल्या, नसलेल्या,
पंधरा पौंड, वीस मिनिटं,
आणि व्हरांडाभर तो उकडलेला वास,
ज्याची मला आता घरी गेल्यावरही सवय आहे.

वहीत वाणाला नाव द्यायचं होतं.
मी लिहिलं, यूके-सात.
मॅडम हसल्या : यूके? परदेशाची स्वप्नं का गं?
उकिरडा, मॅडम, म्हटलं.
तात्या बेसिनशी कॉर्कबोरर धूत होते.
नळ त्यांनी त्या वेळी मोठा केला की बंद,
आता आठवत नाही.